नानांच्या मळीतले दाणे

धर्मानाना पावसात स्वतः भिजत यायचे आणि छत्री डब्यावर धरायचे.

डबा वनस्पती तुपाचा, जुना, पत्र्याचा. त्याच्यावर प्लॅस्टिकचा कागद, कागदावर सुतळी, सुतळीवर बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी. एवढा पोशाख केलेला डबा काखेत, त्याच्यावर छत्री, आणि छत्रीच्या बाहेर नाना. टोपीवरचं पाणी नाकावर, नाकावरचं मिशीत. कुणी म्हटलं, "नाना, तुम्हीपण या की छत्रीत," तर म्हणायचे, "मला काय होतंय? मी काय फुटतो काय?"

डब्यातली पावडर फुटायची, हे खरं. मिठासारखी पांढरी पावडर. गोणीवर तिचं नाव इंग्रजीत होतं. शेठ तिला दवा म्हणत, कामगार पावडर म्हणत आणि नाना औषध म्हणत. जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, भंगार भट्टीत वितळलं की त्यात हे औषध टाकून ढवळायचं. मग भंगाराबरोबर आलेली सगळी घाण सुटते आणि राखेसारखी वर येऊन तरंगते. ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढायची. तिला मळी म्हणतात. मळी निघाली की खाली माल असा चकचकतो की वाकून भांग पाडावा. पण औषध कोरडं खडखडीत पाहिजे. त्याला ओल लागली आणि तसंच टाकलं तर माल फाडकन उडतो. नानांच्या दोन्ही भुवया अशाच एका पावसाळ्यात गेल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. त्यामुळे ते कायम आश्चर्य वाटल्यासारखे दिसायचे. शिव्या देतानासुद्धा.

म्हणून पावसाळ्यात औषधाचा डबा रोज नानांबरोबर घरी जायचा. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका बराकीत त्यांची खोली होती. तिथे तो चुलीजवळ झोपायचा आणि नाना दाराजवळ.

आमचा कारखाना तिथल्याच पाच नंबर कॅम्पाच्या शेवटी, जिथून पुढे अंबरनाथ लागतं तिथे होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक भट्टी, तिच्यात माल वितळवायची मूस, आणि बाहेर भंगाराचा डोंगर. तेव्हा घरोघरी स्टील आलं होतं. बायका जर्मलची पातेली नि तांबे परडी भरभरून मोडीत काढत होत्या. ते सगळं आमच्याकडे यायचं आणि त्याचे पंख्याचे भाग, मिक्सरची बुडं, ढाब्यावरच्या कढया व्हायच्या.

नाना मूळचे बदलापूरजवळच्या चामटोलीचे. त्यांच्या बोलण्यात ळ नव्हता आणि ण पण नव्हता. मळीला मली म्हणायचे आणि दाण्याला दाना. मुशीशी तर ते तापात पडलेल्या लेकीशी बोलावं तसे बोलायचे. "घे गो बाय, घे. कडू हाय, पन घे. घान नको पोटात ठेवूस." असं म्हणून मुठीनं औषध टाकायचे. पांढरा धूर उठायचा. डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा, सगळे बाहेर पळायचे. नाना एकटे त्या धुरात उभे. आतून फक्त खोकला ऐकू यायचा आणि झाऱ्याचा आवाज.

मळी काढायची त्यांना इतकी सवय की त्यांना ती सगळीकडे दिसायची. चहा आला की आधी वरची साय बोटानं काढायची, कडेला पुसायची, मग वाकून तळ दिसतो का ते बघायचं आणि मगच प्यायचा. डाळीवरचा फेस काढायचे. ताकावरचं लोणीसुद्धा. शेठच्या पुतणीचं लग्न तीन नंबर कॅम्पात झालं तेव्हा आम्हा कामगारांना जेवायला बोलावलं होतं. बासुंदी वाढली. नानांनी वरची जाड साय चमच्यानं नीट गोळा केली, केशर, चारोळ्या सगळ्यासकट, आणि पत्रावळीच्या बाहेर ठेवून दिली. वाढणारा आचारी बघतच राहिला. नाना त्याला समजुतीनं म्हणाले, "माल बरा हाय महाराज. पन मली लय ठेवलीस."

त्या आचाऱ्याला आवरायला चार माणसं लागली.

भांडणांचंही तेच. नानांशी कुणी भांडायला आलं की ते हात बांधून, मान तिरकी करून उभे राहायचे. त्यांच्या शेजारच्या काशीबाईनं एकदा त्यांना नळावर गाठलं. नानांच्या कपड्यांना औषधाच्या धुराचा वास, आणि त्यांनी ते हिच्या दोरीवर वाळत घातलेले. काशीबाईनं त्यांचं गाव काढलं, जात काढली, गेलेल्या भुवया काढल्या.

नाना म्हणाले, "येऊं दे. आजून हाय."

ती आणखी बोलली. मग दमली. थांबली. मला वाटलं संपलं. पण नानांनी वाकून बघितल्यासारखं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तुजा नवरा तं बोलत होता, चूक काशीचीच हाय."

झालं. काशीबाई पुन्हा पेटली. ह्या वेळी नाना बाजूला राहिले आणि नवऱ्याची वीस वर्षांची सगळी घाण बाहेर आली. त्यानं तिला माहेरी जाऊ दिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही उशिरा पाठवलं होतं. शेवटी ती कळशीवर बसून रडली. रडून झाल्यावर नानांचे कपडे तिनंच सुकवून घडी करून दिले. नाना मला म्हणाले, "बगलंस? नुसतं ढवलून नाय चालत. औषध टाकायला लागतं. तवा खालची मली वर येते."

मला म्हणजे कुणाला, ते सांगायला हवं. मी नानांच्याच बराकींत राहायची आणि त्या शेडच्या मागे मळी कुटायला बसायची. ह्यांची कंपनी बंद पडली होती, हे घरी बसले होते, दोन मुली शाळेत जात होत्या. चुलत जावेनं हे काम मिळवून दिलं. भट्टीतून काढलेली मळी थंड झाली की तिचे खडे होतात. ते हातोडीनं कुटायचे, चाळणीनं चाळायचे, राख खाली जाते आणि मळीबरोबर चुकून आलेल्या जर्मलचे दाणे वर राहतात. ते वेचून टोपलीत टाकायचे. ते परत भट्टीत जातात. मला ते काम आवडायचं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नसे. मी चार माणसांत बोलायला लागले की माझा घसाच बंद होतो. नाना मला मुकी बाय म्हणायचे.

मी लागले तेव्हा भट्टीवर दुसराच माणूस होता. त्याच्या मळीत दाणेच दाणे. दिवस मावळेपर्यंत माझी टोपली भरायची आणि शेठ खूश. मग तो माणूस सुरतेला निघून गेला आणि शेठनं नानांना आणलं. नाना त्या भागात नावाजलेले होते. त्यांच्या ओतकामात एक छिद्र नाही, आणि त्यांच्या मळीत एक दाणा नाही. ते मळी काढली की तिलाही वेगळं औषध द्यायचे, झाऱ्यात रगडायचे, की तिच्यात अडकलेला मालाचा शेवटचा थेंबसुद्धा सुटून खाली यायचा. उरायची ती निव्वळ राख.

रोज भट्टी विझली की नाना माझ्याकडे यायचे. उकिडवे बसायचे. "दाखव बाय."

मी टोपली पुढे करायची. तळाला मोहरीएवढे दोन-तीन दाणे. नाना ते तळहातावर घेऊन तोंड वाईट करायचे. "कुठून आले हे?" जणू मीच घरून आणले. ज्या दिवशी एकही दाणा निघायचा नाही त्या दिवशी सगळ्यांना चहा. आणि चहाबरोबर त्यांची ती ठरलेली गोष्ट.

"मी तरना होतो तवाची गोस्ट," नाना सुरू करायचे. "अंबरनाथला भट्टीवर होतो. आनि माजी बायको पारू, तिकडंच मली कुटायला. एक दिवस मालक बोलला, धर्मा, तुज्या मलीत काय सापडतच नाय. मंग तुजी बायको कुटते काय? राख? आनि काढली तिला! माज्याच मलीपायी माजीच बायको कामावरनं काढली! घरी आली नि मला बोलते, इतकं साफ कोनी सांगितलं होतं तुला?"

इथे ते पारूसारखे कंबरेवर हात ठेवून, बिनभुवयांचे डोळे मोठे करून उभे राहायचे. सगळे मांड्यांवर थापा मारून हसायचे. तीच गोष्ट, तीच थाप. मी पण पदरात तोंड घालून हसायची.

मग एक दिवस शेठ शेडच्या मागे आले. शेठ सिंधी, स्वभावानं वाईट नव्हते, पण हिशोबाला पक्के. माझी टोपली त्यांनी पायानं जरा कलती केली. काहीच खळखळलं नाही.

"नाना," शेठ म्हणाले, "तेरी राख में तो कुछ निकलता ही नहीं, साईं."

"नाय निघनार," नाना छाती काढून म्हणाले.

"तो फिर इस बाई को किसलिए बिठाऊं? दिवाळीपर्यंत बघतो. नहीं तो बाई, तुम दुसरा काम देख लो."

नाना आधी हसले. त्यांच्या कामाची एवढी मोठी पावती कुणी दिली नव्हती. हसता हसता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून राख चाळत होते. चाळण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं, तरी चाळत होते. घरी जाऊन ह्यांना काय सांगायचं, मुलींच्या शाळेचं काय करायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. शेठला म्हणावंसं वाटलं की मी झाडलोट करीन, भंगार निवडीन. पण घसा बंद.

चहा आला. कुणीतरी म्हणालं, "नाना, पारूकाकूची गोष्ट होऊन जाऊ द्या! आज तर बरोबर वेळ आहे!"

"मी तरना होतो तवाची..." नाना म्हणाले. "अंबरनाथला भट्टीवर होतो. आनि माजी बायको..."

आणि थांबले. सगळे थापेसाठी हात उचलून बसलेले. नानांनी चहाचा कप खाली ठेवला. "जाऊं दे. रोज रोज काय तेच," म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवशी चहावरची साय तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून नानांच्या मळीत दाणे निघू लागले.

आधी थोडे. मग मूठभर. मग टोपलीचा तळ झाकेल इतके. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. संध्याकाळी नाना आले, "दाखव बाय" म्हणाले, टोपलीत बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! हे काय जालं?" इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेठ बाहेर आले. "शेठ, माजा हात गेला!"

त्यांनी एवढी आरडाओरड कधी केलेली कुणी ऐकली नव्हती. आमच्याकडच्या दशावतारात एक राजा नेहमी असंच छाती पिटतो, त्याची मला आठवण झाली.

सगळ्यांना वाटलं, वय झालं. मला वाटलं, डोळे. मी गावाहून आणलेलं त्रिफळ्याचं चूर्ण पुडीत बांधून त्यांना दिलं आणि सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, "नाना, रात्री भिजवून सकाळी त्या पाण्यानं डोळे धुवा. तुम्हाला मळी नीट दिसत नसेल."

नानांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली. प्रसाद घ्यावा तशी. "व्हय व्हय," म्हणाले. "दिसतच नाय."

तेवढ्यात समोरून भंगारवाल्याची हातगाडी आली आणि नाना तिथूनच ओरडले, "त्या पातेल्याला लोखंडाचा खिला हाय, तो काढ आधी!"

दाणे मात्र सुंदर होते. आधीच्या माणसाच्या मळीतले दाणे वेडेवाकडे, काळपट असायचे. नानांचे गोल, पांढरे, साबुदाण्यासारखे. मी मनात म्हणायची, हात गेला तरी माणूस शेवटी कलाकार.

दिवाळी झाली. माझं काम राहिलं. पण नानांचं नाव जायला लागलं. जो माणूस एका दाण्यानंही तोंड वाईट करायचा, तो आता रोज बोलणी खायचा. शेठ म्हणायचे, "नाना, बुढ़ा हो गया तू. दवा पूरी ले जाता है और माल राख में फेंकता है." नाना मान हलवायचे. कामगारांतली पोरंसोरं मागून आवाज काढायची, "नाना, बासुंदीतली मली काढता, मुशीतली कधी काढणार?" नाना हसायचे. भुवया नसल्यामुळे ते हसू खरं की खोटं ते कळायचं नाही. पारूची गोष्ट परत कुणी ऐकली नाही.

मग शेठनं दुबे नावाचा माणूस भट्टीवर आणला. धडधाकट, तोंडात कायम पान. नानांना त्यांनी काढलं नाही. एवढ्या वर्षांच्या नावाची त्यांना थोडी लाज असावी. म्हणाले, "नाना, तू पीछे बैठ. बाई के साथ राख कूट."

दुसऱ्या दिवशी नाना माझ्या समोर गोणपाटावर बसले. हातात हातोडी, मांडीशी औषधाचा डबा. दुबेला त्यांनी डबा दिलाच नाही. तो गोणीतून डबड्यानं पावडर घ्यायचा आणि लांबून फेकायचा. नाना कान देऊन ऐकायचे. "टाकली बग. जशी कोंबड्यांना दाने. आता ढवलील... नाय ढवलली. काढली पन! अरे, तिला जरा बसूं तं दे, तुजी गाडी सुटते काय!" तिकडे दुबे झारा मारायचा, इकडे नाना अंग चोरायचे.

दुबेच्या मळीत माल नुसता भरलेला. माझी टोपली भरून वाहायला लागली. नाना प्रत्येक दाणा उचलताना एकेक शिवी द्यायचे. एक दिवस त्यांनी एक मोठा दाणा बोटात धरून माझ्यापुढे नाचवला. काळा, टोकेरी, एका बाजूला राख चिकटलेला.

"हा बग. मलीत अडकलेला दाना असाच असतो. अंगावर राख धरून बसतो. औषध मिलालं तं अंग सोडतो, गोल होतो नि सरल खाली मुशीत जातो, मलीत थांबतच नाय. गोल दाना मलीत कसा गावंल? कदीच नाय गावनार. तो वरनं कोनी ओतला असंल तरच..."

आणि नानांनी जीभ चावली.

माझी हातोडी वर राहिली.

दुबे आत मोठ्यानं काहीतरी गुणगुणत होता. नाना त्या काळ्या दाण्याकडे बघत राहिले, मी नानांकडे. ते गोल पांढरे साबुदाणे माझ्या डोळ्यांपुढे आले. महिनोन् महिने, रोज, टोपलीचा तळ झाकेल इतके. म्हणजे नाना मळी आधीसारखीच साफ करत होते. तिला औषध देत होते, रगडत होते, शेवटचा थेंब सोडवत होते. आणि मग त्या पांढऱ्या धुरात, जिथे दुसरं कुणी उभं राहत नसे, पळीतून चांगला माल थेंब थेंब तिच्यात सोडत होते. मळी घाण ठेवून मला दाणे देणं सोपं होतं. ते त्यांच्या हातानं झालं नाही.

मला बोलायचं होतं. नानांनी तो दाणा टोपलीत टाकला आणि उठले. "खोकला आला बाय," म्हणाले. खोकला आला नव्हता. पण भिंतीपलीकडे जाऊन त्यांनी खोकून दाखवलं. मग खरंच आला, आणि बराच वेळ थांबेना.

त्यानंतर ते थोडेच दिवस आले. एक दिवस त्यांची बराकीतली खोली बंद. काशीबाई म्हणाली, भाऊबंद येऊन गावी घेऊन गेले, छाती धरलीय. "जाताना डबा घेतला म्हाताऱ्यानं. अंथरूण राहिलं हितं, डबा घेतला," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

मी ह्यांना विचारून एका रविवारी चामटोलीला गेले. एकटी एवढ्या लांब कधी गेले नव्हते. बदलापूरहून एसटीनं. जाताना पदराला एक गाठ मारून घेतली होती. नानांनी ते गोल दाण्याचं बोलून टाकलं त्या दिवशी मी जुन्या टोपल्या झाडल्या होत्या. एका टोपलीच्या विणीत त्यांचे तीन-चार गोल दाणे अडकलेले सापडले. ते मी भट्टीकडे दिले नव्हते.

नानांची धाकटी बहीण सखूआत्या दारातच भेटली. सुपात तांदूळ पाखडत होती. मी कोण ते सांगायला मला वेळ लागला. सांगितलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"मली कुटनारी तूच काय?" तिनं मला खालून वर बघितलं. "आमची पारूवैनी पन मलीच कुटायची."

"माहीत आहे," मी म्हटलं. "नाना गोष्ट सांगायचे. कामावरून काढलं ती."

"हसून सांगायचा ना?" आत्या म्हणाली. "पुढची नाय सांगितली. कामावरनं काढली नि ती गेली खानीवर, खडी फोडायला. घरात बसून कसं चालंल? दोन पावसाल्यांत छाती भरली तिची धुलीनं. शेवटाला एक घास गिलवंना. हा रोज भट्टीवरनं यायचा, तिच्या उशाशी बसायचा नि बोलायचा, माज्या हातानं तुजा जीव घेतला. ती बोलायची, तुज्या हाताला नाव हाय, तसंच ठेव." आत्यानं सूप परत उचललं. "घरी कदी ती गोस्ट त्यानं काढली नाय. लोकांत मात्र हसून सांगतो. कसा सांगू शकतो, मला आजून नाय कललं."

मला थोडं कळलं.

नाना ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. अंगात काही राहिलं नव्हतं. कोपऱ्यात डबा, लुगड्याच्या पट्टीत बांधलेला. वर घरचं छप्पर होतं, पाऊसही नव्हता, तरी डब्यावर छत्री उघडून ठेवलेली.

"कोन? मुकी बाय?"

मी जवळ बसले. आम्ही दोघं अंगणातल्या कोंबड्या बघत होतो.

"त्या दुबेची मली कशी हाय?" नानांनी विचारलं.

"वाईट आहे, नाना. टोपली भरून दाणे निघतात."

पूर्वी हे ऐकून त्यांनी दोन दिवस चहा घेतला नसता. आता त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मंग बरं हाय." मग सवयीनं तळहात पुढे केला. "दाखव बाय."

मी गाठ सोडली आणि ते गोल दाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी डोळे उघडायच्या आधीच अंगठ्यानं ते फिरवून पाहिले, आणि त्यांना कळलं. ते माझ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं त्या चेहऱ्यावर आश्चर्य बघायची मला सवय होती. आज ते नव्हतं. आज नाना खरोखरच काहीतरी विचारत होते.

"हे माज्या मलीतले," नाना म्हणाले.

"हो."

"हात गेलाच होता माजा. नाय का?"

चार माणसांत मी कधी मोठ्यानं बोललेली नाही. पण आत चुलीपाशी सखूआत्या होती, शेजारची दोन माणसं अंगणात आली होती, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गेलाच होता, नाना. तुमची मळी अजिबात साफ नव्हती."

नानांनी मान हलवली. अगदी समाधानानं. दाणे त्यांनी परत माझ्या पदरात घातले आणि गाठही स्वतःच मारली. पक्की.

आत्यानं दोन कप चहा आणून ठेवला. नानांनी आधी माझा कप ओढून घेतला, वरची साय बोटानं हळूच काढली, वाकून तळ दिसतो का ते पाहिलं आणि मग तो माझ्यापुढे केला.